माया

माप मी स्वतःच घेतलं,
पलंगावर टेकून, टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून.
उजवी मांडी साडेअठरा.
डावी पंधरा, वर दोन सूत.
पुन्हा घेतलं. तेच आलं.
कुमुदनं विचारलं, किती?
म्हटलं, ही पँट आता एका बाजूनं दुसऱ्या कुणाची तरी आहे.

जानेवारीचं धुकं होतं. फालका बाजारात
गजकवाल्याची भट्टी तेवढी दिसली,
टेम्पोचा दिवा दिसला नाही.
एवढंच. बाकीचं लोक माझ्यापेक्षा
रंगवून सांगतात.

आत सळई, चार स्क्रू. वरून वीतभर टाके.
पट्टी बदलताना मान उचलून पाहिलं:
धावदोरा. अंतरही सारखं नाही.
माझ्या कारागिराला मी हे उसवायला लावलं असतं.
सर्जन हसले. म्हणाले, आतलं काम पक्कं आहे, मास्टर.
अस्तराबद्दल मीही गिऱ्हाइकांना
हेच सांगतो.

मग शिवहरे मॅडम. माझ्या धाकटीच्या वयाची पोर.
"चाचा, पंजा ऊपर. पंजा नीचे."
अहो, पंजा वर, पंजा खाली
यावरच तर एकतीस वर्षं घर चाललं माझं,
दोन लग्नं निघाली याच पायडलवर,
आणि आता दहा वेळा करताना
कपाळाचा घाम कानात उतरतो.
अकराव्याला मी मनात शिवी दिली.
तिला ऐकू गेली असावी.
म्हणाली, "और पाँच."

बिलाच्या वहीत पान काढलं.
गिऱ्हाईक: स्वतः. आगाऊ: काही नाही.
पंधरा, दोन सूत.
पंधरा, चार सूत.
पंधरा, चार सूत.
पंधरा, चार सूत.
एप्रिलात न्हाणीघरात घसरलो. मोडलं काही नाही,
पण त्या आठवड्याच्या रकाना कोराच आहे.

खिडकीतून आमच्या किल्ला दिसतो.
इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या खांद्यापलीकडे
मी काही पाहिलंच नव्हतं.
शाळेत असताना उरवाईच्या चढावर
शर्यत लावायचो, वर पोचून पुन्हा खाली,
तेव्हा पाय आहेत हे ठाऊक नव्हतं.
पायांचं असंच असतं.
ठाऊक नसतात तोवर चांगले असतात.

मे महिन्यातल्या एका रात्री तहान लागली.
कुमुदला हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
काठी दाराशी राहिलेली.
पलंग ते माठ, नऊ पावलं.
सहाव्याला कपाटाला हात लावला, खोटं कशाला बोलू.
आई म्हणायची, उभ्यानं पाणी पिऊ नये.
मी दोन पेले उभ्यानं प्यायलो,
आणि तिसरा नुसता हातात धरून
तिथंच अंधारात उभा राहिलो.
उभा.

जूनमध्ये दौलतगंजात लखननं शटर वर केलं.
स्टुलावर बसलो, पाय ठेवला, दाबला,
चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला.
शिकाऊ पोरांचं होतं तसं.
लखन दुसरीकडे पाहत होता, भला पोरगा.
दोरा ओवला. चाकाला हातानं हलकं पुढं दिलं,
मग पाय.
तो आवाज.
रस्त्यावरून जाणारा पापडवाला थांबला,
म्हणाला, मास्टर, आ गए?

पहिलं काम माझीच पँट.
फेब्रुवारीत पलंगावर बसून, हातानं,
डावा पाय आत घेतला होता,
कापड मात्र कापलं नव्हतं.
कुमुद म्हणाली होती, एवढी माया कशाला ठेवता आत?
तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आताही
तिला सांगण्यासारखं नाही.
आज माप सतरा.
तेवढंच उसवलं, तेवढंच पुन्हा शिवलं.
उरलेली आत आहे.